विहीणबाईंसाठी आणलेली तसबीर

बाबांनी आयुष्यात कधी मानपान मानला नाही. माझं लग्न त्यांनी रजिस्टर पद्धतीने लावलं आणि विहिणीची ओटी भरायला आईने आणलेला नारळ दुसऱ्या दिवशी आमटीत गेला. म्हणून आई गेल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आले आणि "विहीणबाईंकडे रिकाम्या हाताने कसं जायचं," म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. त्यांनी हातातल्या पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू काढली. काच फुटेल म्हणून ती त्यांनी विमानात मांडीवर धरून आणली होती. टॉवेल सोडला तर आत आमच्या बार्शीच्या घरातली तसबीर.

इतरांच्या घरात जिथे देव असतात तिथे आमच्याकडे रशियाचा तो हुकूमशहा होता. नाव लिहायची गरज नाही, मिशा सांगितल्या की पुरे. आईचे देव स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे. बाबा शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की पक्षाच्या कचेरीत. राक्षस-राजकन्येच्या गोष्टींऐवजी मला त्याची गोष्ट मिळायची. बूट शिवणाऱ्याचा मुलगा, आई लोकांचे कपडे धुणारी, पाद्री व्हायच्या शाळेतून बाहेर पडलेला. क्रांतीनंतर मोठमोठे पुढारी भाषणं ठोकत होते तेव्हा हा चिटणीस होऊन कागद सांभाळत बसला. कुणाला कुठे नेमायचं, कुणाला कुठून हलवायचं, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. बाकीचे त्याला कारकून म्हणून हसायचे. मग एक दिवस बघतात तर सगळ्या जागांवर त्याची माणसं. बाबांच्या लेखी हा चिकाटीचा धडा होता. "आणि जे हसायचे ते?" मी विचारायची. "ते चुकले होते," असं म्हणून बाबा पुस्तक मिटायचे. मला त्या तसबिरीची भीती वाटायची. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात बसलं तरी तो आपल्याकडेच बघायचा.

ही तसबीर सासूबाईंना द्यायची कल्पना बाबांना का सुचली, त्याला कारण मीच. मी जर्मन मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. मग नवऱ्याकडून मला कळलं की त्याचे आजोबा कम्युनिस्ट होते, नाझी आल्यावर बायको-मुलीला घेऊन मॉस्कोला पळाले आणि तिकडेच वारले. त्यालाही एवढंच माहीत होतं. मी ते फोनवर सांगितलं आणि बाबा एकदम विरघळले. कॉम्रेडचा नातू म्हणजे घरचाच मुलगा. मी सुटले आणि पुढे कधी खोलात गेले नाही.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. रविवारी दुपारी आम्ही माग्डेबुर्गला गेलो. गाडीने तासाभराचा रस्ता, पण दोन जर्मनींमधली पूर्वीची सीमा ओलांडून. सासूबाई तिथे पाचव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांनी टेबलावर कॉफी आणि प्लमचा केक मांडला होता. नवरा आमच्या मुलीला घेऊन खाली खेळाच्या मैदानावर गेला. बाबांना जर्मन येत नाही, सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे दोघांच्या मध्ये मी.

बाबा उभे राहिले, त्यांना येणारा एकुलता एक रशियन शब्द, "तवारिश", म्हणजे कॉम्रेड, म्हणाले आणि कागदात बांधलेली तसबीर दोन्ही हातांनी पुढे केली. सासूबाईंनी हसत कागद सोडला. मग त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र तिथून निघून गेले. त्यांनी तसबीर केकशेजारी पालथी ठेवली. उठल्या, खिडकी लावली, रेडिओ सुरू केला आणि पुन्हा येऊन बसल्या. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की त्या असंच करायच्या. बर्लिनची भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासाठी कुणीतरी ऐकतच होतं.

"आल्झो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर, मी चार वर्षांची होते. आम्ही जेवायला बसत होतो तेव्हा पोलीस आले. वडील म्हणाले, सूप गार होऊ देऊ नका, मी येतोच. नंतर आईला आणि मला गवताळ रानातल्या एका गावात पाठवलं. कित्येक वर्षांनी आम्ही इथे परतलो आणि मग एक पत्र आलं. तुमचे यजमान निर्दोष होते, ते छावणीत न्यूमोनियाने वारले. आईला पेन्शन मिळाली, आणि तोंड बंद ठेवायचं असं सांगितलं गेलं. तिने ते मरेपर्यंत पाळलं. भिंत पडल्यावर मी मॉस्कोला लिहिलं. उत्तरात एक कागद आला. न्यूमोनिया वगैरे काही नव्हतं. नेल्यापासून तीन आठवड्यांत गोळी घातली होती." पालथ्या तसबिरीवर त्यांनी बोट टेकवलं. "याच्या राज्यात. माझ्या मुलालासुद्धा मी हे सांगितलेलं नाही. तुझ्या वडिलांना सांग."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. पंच्याहत्तरीचा माणूस. आईला जाऊन आठ महिने झालेले, पक्षाच्या कचेरीत तीन म्हातारे उरलेले. ज्याच्या पायी त्यांनी बढती घालवली, तुरुंगात गेले, आईचे देव डब्यांमागे ढकलले, ते सगळं आता माझ्या एका वाक्याने मातीत जाणार होतं. मी वेळ मारून नेली.

"त्यांचे वडील तिकडे न्यूमोनियाने गेले," मी म्हणाले. "फोटो बघून आठवण आली, म्हणून भरून आलं त्यांना."

बाबांचे डोळे पाणावले. त्यांनी हात जोडले. "सांग विहीणबाईंना, त्यांच्या वडिलांचं काम आम्ही तिकडे जिवंत ठेवलंय."

सासूबाईंनी भाषांतराची वाट बघितली नाही. एवढ्या मराठीत त्यांना एक शब्द नीट ऐकू आला होता.

"तू त्यांना न्यूमोनिया सांगितलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ते पत्र लिहिणाराही तुझ्यासारखाच कुणीतरी भला माणूस असेल. त्यालाही वाटलं असेल, उगाच कशाला दुखवायचं. मी थांबते. पुन्हा सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या खोट्यावर त्यांच्या आईचं आयुष्य गेलं, तेच मी त्यांच्या टेबलावर, त्यांचा केक खात, सहज बोलून गेले होते. आणि कुणी मला धमकावलंही नव्हतं.

मी बाबांकडे वळले आणि सगळं सांगितलं. सूप, पत्र, कागद, तीन आठवडे. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलू शकले नसते. बाबा आता खुर्चीतून कोसळतील असं वाटून मी एक हात त्यांच्या पाठीशी धरला होता. रेडिओवर आउटोबानवरच्या श्टाऊची, तुंबलेल्या गाड्यांची, यादी चालू होती, कुठे पाच किलोमीटर, कुठे आठ.

बाबा कोसळले नाहीत. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"यांच्या वडिलांचं नव्हे. पण असे पुष्कळ, हे माहीत होतं. त्याच्या मागून सत्तेवर आलेल्यानेच भाषणात सांगितलं होतं की. आम्ही कचेरीचं दार लावून वाचलं. मग ठरलं, बाहेर बोलायचं नाही, पक्षाची गिरणीतली माणसं खचतील."

"मग तसबीर कशाला ठेवलीत?"

"तुझ्या आईनेही एकदा विचारलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मला त्यांच्या पाठीवरचा हात काढून घ्यावासा वाटला आणि मी तो काढला.

"काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जसं काही गाडी उशिरा आहे एवढंच कळलं होतं. मग विचारलं, "केव्हापासून?"

मी बाबांना विचारलं. उत्तर देताना त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"तू झालीस त्याच्या कितीतरी आधीपासून."

सासूबाई वाट बघत होत्या. मी ते त्यांना जर्मनमध्ये सांगितलं, शब्दाला शब्द.