तीन गाड्या, एक पॉलिसी आणि चोरीला गेलेला क्लच

"क्लच चोरला! माह्या गाडीचा क्लच चोरला पोलिसायनं!"

पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या पांढऱ्या मोटारीत बसून सत्तरीचे काकाजी ओरडत होते. आवाज असा की समोरच्या टपरीवरचा चहा कपातून बशीत उतरला आणि तिकडे पवनारला धाम नदीत डुंबणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. म्हशींचं सोडा, चहाचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

ठाणेदाराच्या नोकरीत पंचनाम्यांचे डोंगर रचले. बहुतेक चेहरे पुसले गेले, ही आरोळी मात्र कानातून निघायला तयार नाही. नावं सांगणार नाही. सगळी मंडळी हयात आहेत, आणि काकाजींचा आवाजही.

आधीची हकिगत अशी. सेलू रस्त्यावर सकाळी ड्यूटीवर निघालेल्या एका नर्सच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. बाई एका दवाखान्यात कंत्राटावर होत्या. नर्सची नोकरी म्हणजे दिवसभर उभं राहणं; पाय गेला की घरातली एकुलती कमाई गेली. ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई मिळायची ती मोटारीच्या विम्यातूनच. त्यासाठी धडक देणारी गाडी कोणती, हे कागदावर खरं येणं भाग होतं. खोट्या गाडीवर उभा केलेला दावा न्यायाधिकरणात पहिल्याच फुंकरीला पडतो. बाईंचा जबाब घ्यायला डॉक्टर परवानगी देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकाजी आपण होऊन हजर. "मीच चालवत होतो. पांढरी गाडी होती. लिहून घ्या." आपण होऊन आलेले आरोपी मी उभ्या नोकरीत दोनच पाहिले, दुसरा झोपेत चालत आला होता.

गाडी जप्त करून आणली. तिचं बोनेट पुढून आत गेलं नव्हतं, वरून खाली बसलं होतं, जणू हत्तीण दुपारची वामकुक्षी करून उठली. तेवढ्यात काकाजींच्या शेजारच्या बाईंचा फोन आला.

"ठाणेदार साहेब, आमच्या इथचा म्हातारा पिसाळला जी! काल नव्या गाडीले घणानं कुटून राह्यलता. गाडीनं काय बिघडवलं होतं त्याचं?"

मी काकाजींना आधी चहा पाजला. माझा अनुभव सांगतो, खरं बोलणारा माणूस अडखळतो. खोटं बोलणारा तपशिलात शिरतो. काकाजी तर तपशिलात पोहायला लागले.

"तिसऱ्या गेरवर होतो साहेब. क्लच दाबला, गेर पाडला, कचकन ब्रेक मारला!"

"चला, फाटकापर्यंत चालवून दाखवा."

ही गाडी बिनक्लचची होती. माझ्या जावयाकडे तशीच आहे, त्यामुळे मला ठाऊक. काकाजींनी आयुष्य ट्रॅक्टर आणि जीपवर काढलेलं. डाव्या पायाने ते कितीतरी वेळ हवा तुडवत राहिले, आणि मग ती आरोळी उठली.

"काकाजी," मी म्हणालो, "या गाडीला कंपनीनंच क्लच दिला नाही."

"एवढ्या महागाच्या गाडीले? फसवलं बाप्पा आमाले!"

धडक देणारी गाडी दुसरीच होती, हे उघड झालं; दुपारी तिच्या शोधात हवालदारांनी त्यांच्या शेतातला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग उपसला. खाली लहान लाल मोटार निघाली, दिवा फुटलेली. घटनास्थळी सापडलेल्या काचा त्याच दिव्याच्या होत्या. काकाजींच्या तोंडाला मात्र कुलूप.

कुलूप उघडलं त्यांच्या सुनेने. अपघात झाला त्याच दिवशी त्यांनी तिला माहेरी पाठवून दिलं होतं. सासरे ठाण्यात असल्याचं कानावर पडताच ती एसटीने थेट आली. आल्या आल्या तिने पहिला प्रश्न केला, "त्या ताईचा पाय कसा आहे?" मग न विचारता म्हणाली, "लाल गाडी मी चालवत होते. मीच त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात पाठवलं."

काकाजी उसळले. "तू चूप! घरची सून ठाण्यात शोभते का? अन् लाल गाडीचा विमा कुठं आहे? घरात एकच पॉलिसी!"

"मामाजी, एकच आहे. मीच काढली. पांढरी, लाल अन् जीप, तिन्ही त्यातच आहेत."

"एका पत्रिकेवर तीन पोरायचं लगीन लागते का वं?"

"पत्रिका नाई मामाजी, राशनकार्ड. एक कार्ड अन् अख्खं घर त्याच्यावर."

काकाजींचा चेहरा असा उतरला की मला खुर्ची पुढे सरकवावी लागली. एक पॉलिसी म्हणजे एक गाडी, आणि एक म्हणजे अर्थात सर्वांत मोठी, या हिशेबाने त्यांनी विमा असलेली लाल गाडी लपवली आणि धडधाकट पांढरी गाडी घणाने फोडली होती.

"मंग आधीच राशनकार्ड म्हणाव ना! पॉलिसी-पॉलिसी काऊन करते?"

मी कंपनीकडून खात्री करून घेतली. लाल गाडीचा विमा चालू होता. सुनेवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, जामीन ठाण्यातच झाला. काकाजींना खोटी माहिती दिल्याबद्दल कोर्टात उभं राहावं लागलं. दंड भरून आले. घणाने कुटलेल्या गाडीची भरपाई त्यांनी मागितली नाही. एवढी अक्कल घणाबरोबर आली होती. नर्सचा दावा खऱ्या गाडीवर उभा राहिला आणि टिकला.

गुन्हेगार कायदा मोडतात हे मला पहिल्या पोस्टिंगलाच कळलं होतं. भली माणसं घर वाचवायला स्वतःचंच घर फोडतात, हे कळायला निवृत्ती जवळ यावी लागली. आता कोणी धडधडीत खोटं बोलताना दिसला की मी मनात विचारतो, याला काय चुकीचं समजलं असेल?

गेल्या वर्षी रक्तदाब दाखवायला काकाजींना मीच दवाखान्यात घेऊन गेलो. आता आमची दोस्ती आहे. पट्टा बांधायला त्याच नर्सबाई आल्या, सरळ, दोन्ही पायांवर. माझ्या माहितीत प्रथमच काकाजींचा आवाज हळू निघाला.

"बाई, मी तोच... लाल गाडीवाला..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हात ढिला सोडा."