दोघींची कयाक

माझी धाकटी जाऊ पुण्याची. लग्नानंतर हैदराबादला आली आणि एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तेव्हा शहरात अशा कंपन्या पटापटा निघत होत्या. दिराला त्याच्या कंपनीनं अमेरिकेला धाडलं, म्हणून हिच्या ऑफिसच्या सहलीत सोबतीची जागा रिकामी राहिली. ती आमच्या नारायणगुड्याच्या घरी आली.

"वहिनी, कारवारला चला. समुद्रात कयाक चालवायची आहे."

"मला नक्को. बसमधून हुसेनसागर दिसतो, तेवढं पाणी पुरे."

माझ्या हैदराबादी 'नक्को'ला ती नेहमीसारखी हसली. ते हसणं मला जरा लागायचं. पण नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "जा की, तुझ्या शाळेला सुट्टीच आहे."

कयाक म्हणजे लांबट, हलकी होडी. दोघींनी मागेपुढे बसून वल्हवायची. कारवारला शिकवणाऱ्यानं आम्हाला लाइफ जॅकेटं घालायला लावली आणि आधी उथळ पाण्यात मुद्दाम उलटवलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि भीतीच गेली. मी पुढे बसले, जाऊ मागे. तिचं वल्हं माझ्या वल्ह्यावर आपटायचं, आणि दोघी एकमेकींना "सॉरी" म्हणायचो, पाहुण्यांसारख्या.

डोंगर थेट पाण्यात उतरलेला. कड्यावरच्या झाडात समुद्री गरुडाचं घरटं होतं. एक कासव डोकं वर काढून आमच्याकडे बघून गेलं. मग डावीकडे कुणीतरी मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. डॉल्फिन! आई आणि तिला चिकटून पिल्लू. मी वल्हं मांडीवर ठेवलं. दोघं इतकी जवळून गेली की पाठीवरचे ओरखडे दिसले.

"वहिनी," मागून बारीक आवाज आला, "मला मळमळतंय."

होडी थांबल्यावर ती लाटांवर डुलत होती, आणि तेच जाऊला बाधलं. ती एका बाजूला वाकून ओकली. बाकीच्या होड्या पुढे गेल्या होत्या. वारा वाढला होता.

"वल्हं आत घे. डोळे मिटू नको, डोंगराकडे बघ," मी म्हटलं.

आणि वल्हवायला लागले. शाळेत कवायत घेते तशी मोठ्यानं मोजत होते, "ओकटी, रेंडू, ओकटी, रेंडू." तेलुगू आकडे ऐकून ती ओकता ओकता हसायला लागली. या वेळी मीही हसले. शिकवणारा परत फिरून आमच्याजवळ आला, तेव्हा किनारा हाकेवर होता. दोरी बांधून ओढू का, त्यानं विचारलं. मी मान हलवली. नक्को.

वाळूवर ती आडवी पडली. मी शहाळं आणून दिलं.

"वहिनी, तुम्ही नसता तर काय झालं असतं माझं?"

"दुसरं कुणीतरी मोजलं असतं. पी गुमान."

रात्री खांदे इतके दुखले की वेणी तिनंच घालून दिली. सकाळी तिनं पाण्यात यायला साफ नकार दिला. मी शिकवणाऱ्याकडे गेले आणि विचारलं, "एकटीची कयाक असते का हो तुमच्याकडे?"