पेढ्यांना लावलेलं झाकण

उंदराच्या गाठीत काळे ठिपके दिसले तेव्हा मी आनंदाने ओरडलेच आणि जे. पी. नगरच्या घरी आईला फोन लावला. चूक तिथेच झाली. आमच्या घरात चांगली बातमी आणि पेढे यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही सवड नसते. दुसऱ्या दिवशी सकाळीच आई धारवाडी पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या संशोधन संस्थेत हजर!

रोगप्रतिकारक पेशींना लोहाचे बारीक कण खाऊ घालायचे, त्या उंदराच्या रक्तात सोडायच्या आणि कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचतात का ते एमआरआयवर बघायचं, हे माझं पीएचडीचं काम. लोह असेल तिथे चित्र काळं पडतं. पण गाठीत रक्त साकळलं तरी तसंच काळं दिसतं, कारण लोह रक्तातही असतंच. माझ्या मार्गदर्शक सरांनी आधीच बजावलं होतं: ठिपके रक्ताचे निघाले तर हा विषय बंद, चौथ्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

तरी पेढे बघून सरांचाही हात पुढे आला. मी झाकण लावलं. "आधी खात्री, मग तोंड गोड."

आईने डबा काखेत मारला आणि तिच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "सरी, राहू दे मग. पण स्वल्प लवकर कर गं बाई, पेढ्यांना बुरशी येते."

मी एका दुसऱ्या उंदराला लोह खाल्लेल्या, पण मेलेल्या पेशी दिल्या. मेलेल्या पेशी गाठीपर्यंत चालत जाणार नाहीत, म्हणजे तिथेही ठिपके आले तर ते माझ्या पेशींच्या चालण्याचे नव्हेत. सरांच्या मते हे मशीनचा वेळ फुकट घालवणं होतं. मी हट्टी आहे, ऐकलं नाही. त्याच्या गाठीत एकही ठिपका आला नाही. मग पहिल्या गाठीचे पातळ काप काढून त्यांवर लोह निळं करणारा रंग चढवला. सूक्ष्मदर्शकाखाली निळे कण दिसले, आणि तेही हिरव्या चमकेची खूण करून सोडलेल्या आमच्याच पेशींच्या पोटात. रक्त नव्हतं ते. माझ्या पेशी स्वतःच्या पायांनी गाठीपर्यंत गेल्या होत्या! मला अभिमान वाटला, अगदी ऊर भरून आला, आणि तो अभिमान लपवावा असं मला आजही वाटत नाही.

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. मग त्यांनी माझ्याकडून घरचा नंबर घेतला आणि आईशी थेट कन्नडमध्ये बोलले, "अम्मा, पेढे घेऊन या. तुमच्या मुलीने आम्हाला परवानगी दिली आहे."