मिल्याची कार्डं

धाराशिवच्या रेल्वे स्टेशनापासून आमची शाळा बरीच लांब आहे आणि मधल्या रस्त्याला सावली म्हणाल तर विजेच्या खांबांची. भर उन्हाळ्यात डोक्याला पंचा गुंडाळून वाघमारे भाऊसाहेब त्या रस्त्याने पायी यायचे. ओळखीचे ऑटोवाले शेजारी गाडी हळू करून म्हणायचे, "बसा की भाऊसाहेब." यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आज ऑटोत न्हाय, आज म्या कार्डात बसलोय."

भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. मी तिथे भूगोल शिकवायला नव्याने लागले तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा चक्रम आहे. नंतर कळलं की पायी आल्यामुळे ऑटोचे जे पैसे वाचतात, तेवढ्याचीच ते कार्डं घेतात. घरातल्या पैशाला हात लावायचा नाही, पगाराला तर नाहीच. कार्डं म्हणजे आमच्या लहानपणी बबलगमच्या पाकिटात निघायची ती. पुढे क्रिकेटपटूचं चित्र, मागे त्याच्या धावा आणि बळी. पोरं ती एकमेकांशी लावून खेळायची. ज्याच्या धावा जास्त त्याने दुसऱ्याचं कार्ड जिंकायचं. चघळून चघळून जबडा दुखेपर्यंत आम्हीही ते बबलगम खाल्लं, पण पन्नाशीला आलेला माणूस ती कार्डं पुन्हा गोळा करतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांची पद्धतही कोष्ट्याच्या चिकाटीची. आधी रद्दीवाल्याकडून फाटकी, दुमडलेली, शाई सांडलेली कार्डं उचलायची. त्यांना ते 'लंगडी' म्हणत. मग मोबाइलवरच्या संग्राहकांच्या गटात दोन लंगडी देऊन एक धडधाकट मिळवायचं. "बाई, गरिबाला बाजारात उडी मारता येत न्हाय," ते मला म्हणाले होते, "पर पायरी पायरीनं चढता येतं." एखादं कार्ड आलं की मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर ठेवायचे. मला त्या वेस्ट इंडिजच्या उंच गोलंदाजात आणि श्रीलंकेच्या यष्टिरक्षकात काडीचा रस नव्हता. मी उगाच म्हणायचे, "वा, केस छान आहेत." ते खूश व्हायचे.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी एका परीक्षेच्या दिवसांत सांगितलं. आम्ही दोघं पर्यवेक्षणाचं वेळापत्रक लावत बसलो होतो. मी सहज विचारलं, "सगळी जमल्यावर काय करणार? शोकेसमध्ये लावणार?"

"मिल्याला द्यायचीत," ते म्हणाले.

मिल्या म्हणजे मिलिंद, त्यांचा धाकटा भाऊ. अणदूरला खंडोबाच्या जत्रेत दोघं भाऊ मिळून ते बबलगम घ्यायचे, पण खरं वेड मिलिंदचं. कार्ड हातात आलं की तो आधी नाकाला लावायचा, बबलगमचा वास घ्यायचा आणि मगच चित्र बघायचा. दहावीत तो नापास झाला. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, ठरवलं की पोरगं कार्डांनी वाया घालवलं. मिलिंदने कार्डांचा डबा ज्वारीच्या कणगीत लपवला होता आणि हे फक्त भाऊसाहेबांना ठाऊक होतं.

"आबानं इचारलं आन् म्या काढून दिला," भाऊसाहेब म्हणाले. "आबानं तो बंबात घातला. मिल्या दारात उभा व्हता. रडला न्हाय. माज्याकडं बघत व्हता, आबाकडं न्हाय."

त्याच पावसाळ्यात मिलिंद सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला. त्यानंतर तो घरी आला तो आबा वारले तेव्हा आणि आई वारली तेव्हा. फोन लागला तर 'बरं हाय' एवढंच. भाऊसाहेबांना वाटत होतं की तेव्हा होती ती सगळीच्या सगळी कार्डं त्याच्या हातात ठेवली, की त्याला आपल्याशी बोलावंच लागेल. मला हे जरा पोरकट वाटलं, पण त्यांचं तोंड बघून मी पुन्हा वेळापत्रकाकडे वळले.

आता भाऊसाहेबांची दुसरी खोड सांगायला हवी. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला कोणीही आलं की सही-शिक्का करून झाल्यावर ते त्याला बजावायचे, "कोर्टासमोर जा आन् लॅमिनेट करून घे. कागद हाय तर माणूस हाय." हे नुसतं बोलणं नव्हतं. आबांचा चौथीचा दाखला वाळवीने खाल्ला होता. तो दाखवता आला नाही म्हणून आबा पाटबंधारे खात्यात जन्मभर रोजंदारीवरच राहिले. त्या घरात पुढे जातीच्या दाखल्यापासून लाइट बिलापर्यंत प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये गेला. त्यामुळे श्रीलंकेच्या दुसऱ्या एका यष्टिरक्षकाचं कार्ड सोडून बाकी सगळी जमली, तेव्हा भाऊसाहेबांनी जे केलं ते त्यांच्या घरातल्या कोणीही केलं असतं. त्यांनी सगळी कार्डं कोर्टासमोरच्या दुकानात नेऊन, एकेक करून, लॅमिनेट करून आणली. स्टाफरूममध्ये त्यांनी ती माझ्यापुढे मांडली तेव्हा ती चकचकत होती. "आता वाळवीचा बाप आला तरी भ्या न्हाय," ते म्हणाले. मीही म्हटलं, "झकास."

थोड्या दिवसांनी सोलापूरचा एक संग्राहक धाराशिवला लग्नाला आला होता. मोबाइलवरच्या गटातली ओळख, म्हणून भाऊसाहेबांनी त्याला मुद्दाम शाळेत बोलावलं आणि चहा मागवला. त्याने पहिलं कार्ड उचललं, उजेडात धरलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललंच नाही.

"हे कोणी केलं?"

"म्याच की."

"भाऊसाहेब, आता हे निघत नाही हो. काढायला गेलात तर प्लास्टिकबरोबर चित्रच सोलून येईल."

"मला कुठं इकायचीत?"

"विकण्याचं सोडा. कार्ड हातात घेतल्यावर कार्ड लागायला पाहिजे. त्याचा कागद, त्याचा वास. आता हे सगळं ओळखपत्रासारखं लागतंय."

माणूस वाईट नव्हता. खरं तेच बोलला आणि चहा अर्धा टाकून गेला. मला त्याचा भयंकर राग आला. भाऊसाहेबांनी मात्र एक कार्ड उचलून नाकाला लावलं.

"बाई," ते म्हणाले, "आबानं एकदा जाळली. आता म्या."

मी पुष्कळ समजावलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते ऑटोने येऊ लागले. ऑटोवाल्यांना आनंद झाला. मी मात्र ते फाटकाशी ऑटोतून उतरताना दिसले की खिडकीतून बाजूला व्हायचे. कार्डांचं पुडकं त्यांनी शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवून दिलं आणि तो विषय बंद केला. मिलिंदला त्यांनी काही कळवलंही नाही.

राहिलेलं शेवटचं कार्ड सापडलं ते मला. नळदुर्गला माझ्या अब्बांचं किराणा दुकान होतं. ते विकायचं ठरलं म्हणून मी ईदनंतर सामान आवरायला गेले, तर कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं दिसलं. एवढ्या वर्षांत श्रीलंकेच्या दोन यष्टिरक्षकांतला फरक मला कळायला लागला होता, म्हणून ओळखलं, हाच तो राहिलेला. ओल्या फडक्याने भिजवून भिजवून सोडवलं, तरी पाठ थोडी सोललीच.

भाऊसाहेब तेव्हा आजारी रजेवर होते. हृदयाचा त्रास, सोलापूरच्या फेऱ्या चालू. मी घरी गेले. त्यांनी कार्ड दोन बोटांत धरलं आणि कित्येक महिन्यांनी हसले. मग एकदम घाबरल्यासारखं म्हणाले, "याला मशिनीत न्हाय घालायचं. बाई, ह्ये एक तरी मिल्याला जसंच्या तसं द्यायचं. भीमजयंतीला येतो म्हनलाय." कपाटाची किल्ली आणि ते कार्ड त्यांनी माझ्याकडेच दिलं. घरी वाळवी आहे, म्हणाले.

भीमजयंतीला मिलिंदला सुट्टी मिळाली नाही. मे महिन्यात भाऊसाहेब गेले. मिलिंद आला तो जलदान विधीला.

विधी आटोपून माणसं जेवायला बसली तेव्हा मी त्याला बाजूला बोलावून पुडकं दिलं. भाऊसाहेबांसारखाच चेहरा, तेच रुंद कपाळ, केस मात्र पार पांढरे. मी त्याला सगळं सांगितलं, पायी चालणं, लंगडी कार्डं, सोलापूरचा माणूस, सगळं. तो एकेक कार्ड बघत होता. शेवटचं, उघडं कार्ड त्याने नाकाला लावलं.

"वास येतो का?" मी विचारलं.

"हळदीचा येतोय," तो म्हणाला. अब्बांच्या दुकानाचा असणार. मग त्याने विचारलं, "दादा लॅमिनेशनला कुठं जायचा?"

"कोर्टासमोर. पण तू हे एक राहू दे. त्यांची तशी इच्छा होती."

"मला दाखवा तर."

मी त्याला घेऊन गेले. दुकानातल्या ताईंनी पुडकं ओळखलं. "भाऊसाहेबांची न्हवं का ही? एकच ऱ्हायलं व्हतं, म्हनायचे." मिलिंदने खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "अरे, खराब होईल ते. पुन्हा निघणार नाही."

"होऊ द्या, बाई. सगळी आत आन् ह्ये एकटंच भायेर. म्या लई वर्सं तसाच ऱ्हायलोय. दादा पन."

मी हात सोडला. मशीन तापलेलंच होतं. कार्ड एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन आलं. ताई म्हणाल्या, "जरा थांबा, भाजंल." त्याने तोवर उचललंही होतं. तो ते दोन्ही तळव्यांत दाबून तिथेच पायरीवर बसला आणि आबांच्या बंबापुढे जो रडला नव्हता, तो कार्ड गार होईपर्यंत रडत राहिला.