दोन बोटं आतल्या ओळी
डिझेलचा वास आला की मला मीच लिहिलेलं एक पोस्टकार्ड आठवतं. साठच्या दशकात मी अकोल्याला इंजिनांच्या दुकानात फिटर होतो. आमचे मिस्त्री आम्हाला गिऱ्हाइकासाठीच्या सूचना रेघांच्या कागदावरच लिहायला लावत. एका ओळीत एक काम, आणि इंजिन लागलं नाही तरच करायची कामं दोन बोटं आत सरकवून. अकोटजवळ मावसभावाच्या विहिरीवर नवं इंजिन बसलं, तेव्हा मी घाईत कार्डावर सगळं सलग कोंबलं: हॅण्डल फिरवा, लागलं नाही तर लिव्हर उचला, पुन्हा फिरवा, हॅण्डल काढून घ्या. दोन दिवसांनी मिस्त्रींना ते सहज सांगितलं, तर त्यांच्या हातातला पाना थांबला. "हॅण्डल काढाचं तं दोन्ही वक्ताले असते. हे त्याले कार्डावरून कसं समजावं? चालू इंजिनात हॅण्डल राह्यलं तं गरगर फिरून उडते ना ते!" मी मिळेल त्या एसटीनं निघालो. मळ्यात इंजिनाचा आवाज नव्हता. इंजिनाच्या ओट्यावर सांडलेलं डिझेल उन्हात तापत होतं आणि वाकलेलं हॅण्डल पार धुऱ्यापाशी, शेताच्या बांधाला, जाऊन पडलं होतं. भाऊ खाटेवर बसला होता, उजवा हात कोपरापासून फडक्यात गुंडाळलेला, डाव्या हातात माझं कार्ड. तो शांतपणे म्हणाला, "इंजिन तं पयल्याच झटक्यात लागलं. मंग पुढचं मायासाठी नोतंच ना." काल नातीनं तिच्या प्रोग्रॅमचा कोड इंटरनेटवरच्या एका चर्चेत चिकटवला. तिच्या एडिटरमध्ये 'अमुक झालं तरच' म्हणून आत सरकलेल्या ओळी तिथे सगळ्या डाव्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "नुसत्या मोकळ्या जागाच तर गेल्या, आजोबा," ती म्हणाली, आणि पाठवायच्या बटणाकडे निघालेला तिचा उजवा हात मी धरला.