मास्तरांचे चांगले दिवस

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायचं काम मास्तरांकडे होतं. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं, आणि मग कात्री चालली की थेट शेवटाला जाऊनच थांबायची. बेतणाराच चुकला तर शिवणारे काय करणार, म्हणून सगळा कारखाना त्यांना वचकून असे. त्यांच्या बायकोला लोक आपसूकच मास्तरीणबाई म्हणू लागले, जरी बिचारीनं बटण लावण्यापलीकडे सुई हातात धरली नव्हती.

मास्तरीणबाईंना संसारात नवऱ्याचे चढउतार पाठ झाले होते. कधी ते अंथरुणाला असे खिळायचे, की ताट समोर तसंच निवून जाई. कधी मात्र उधाण यायचं. घरात गाणी, भिंतींना नवा रंग, शेजारच्या पोरींना न मागता शिवलेले फ्रॉक. डोळ्याला डोळा लागत नसे, तरी चेहरा टवटवीत. मास्तरीणबाई हात जोडायच्या, "देवा, ऐकलंस रे बाबा!" वाईट दिवस आजाराचे आणि चांगले देवाचे, अशी त्यांनी मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती.

त्या वर्षीचा उतार मात्र फार खोल गेला. एके दिवशी भिंतीकडे तोंड करून मास्तर म्हणाले, "मी नसतो तर तुझं बरं झालं असतं." वन्संना सोबत घेऊन मास्तरीणबाईंनी मास्तरांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं सावकाश विचारलं. झोप, भूक, रडू, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. मग म्हणाल्या, "याच्या उलट कधी होतं का? अतोनात उत्साह, झोप नको, डोक्यात मोठमोठे बेत?"

"मला कधी बरं वाटलंय, हेच आठवत नाही," मास्तर म्हणाले. खोटं नव्हतं ते. खड्ड्यातल्या माणसाला आभाळ कुठून आठवणार?

मास्तरीणबाईंना आठवत होतं. पण चांगल्याची तक्रार करायची? देवानं ओंजळीत घातलेल्याला नावं ठेवायची? त्या म्हणाल्या, "नाही हो. तसलं काही नाही."

नैराश्य, असं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि मास्तर उठले, जेवले, कामावर गेले. पुढे गाऊ लागले. मग झोपेनासे झाले. "बघ, उगाच घाबरत होतीस," वन्सं म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी देवाला फुलं वाहिली.

एक दिवस भर दुपारी कारखान्यातून बोलावणं आलं. मास्तरांनी गोदामातली कापडाची होती नव्हती ती ठाणं टेबलावर ओढून कापायला घेतली होती. "शिवणच नको! माणसाला शिवण टोचते! मी सगळ्या जगाला बिनशिवणीचं बेतणार!" मालक कात्री काढून घ्यायला पुढे झाले आणि पातं त्यांच्या तळव्यातून आरपार गेलं. मालकांच्या त्या हाताची बोटं पुढे कधी नीट मिटलीच नाहीत. मास्तरांना चौघांनी धरून इस्पितळात नेलं. तिथेही ते हसतच होते.

बाहेरच्या बाकावर वन्संनी मास्तरीणबाईंचं मनगट धरलं. "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. उदास होता म्हटलं तर लोक समजून घेतात. वेडाचं नाव लागलं तर माझ्या लेकीला कोण करून घेईल? गोळी बाधली म्हणायचं नि गप्प बसायचं."

"आणि पुन्हा तीच गोळी दिली म्हणजे?"

वन्संनी तोंड फिरवलं.

आत डॉक्टरीणबाई थकून बसल्या होत्या. "हे रक्तात सापडत नाही, फोटोत दिसत नाही. माणूस आणि घरचे सांगतील त्यावरच आम्ही चालतो. नुसतं नैराश्य असो की चढउताराचा आजार, उतार सारखाच असतो. आधी चढ आला होता का, त्यावरून आजाराचं नाव बदलतं आणि नावाबरोबर औषधही; नुसत्या नैराश्याची गोळी अशा माणसाला उलट उधाणात ढकलते. खरं सांगा, असं पूर्वी झालं होतं?"

"नव्या औषधानं ते दिवस जातील?"

"जायलाच हवेत. नाहीतर पुढच्या वेळी हातावर निभावणार नाही."

मास्तरीणबाईंनी सांगायला सुरुवात केली. गाणी सांगितली, रंगवलेल्या भिंती सांगितल्या, फ्रॉक सांगितले. बाई लिहीत गेल्या. संसारातलं एकेक सुख पेनाखाली जाऊन लक्षण होऊन बाहेर पडत होतं. दुसरं नाव लागलं, जन्माचं. वन्संनी घरी येणं सोडलं.

मास्तर परत आले ते शांत होऊन. ना उतार, ना उधाण. हाताला बारीक कंप. मालकांनी पोलिसांत तक्रार केली नाही, पण कात्रीही परत दिली नाही.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बाईंना काय काय सांगितलंस गं?"

"सगळं. फक्त एक नाही." मास्तरीणबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "ओळख ना पाळख, तुम्ही आमच्या दारात येऊन उभे राहिलात. लग्न करीन तर हिच्याशीच, म्हणालात बाबांना. तेवढं मी ठेवून घेतलं."

मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"त्या आठवड्यात मी झोपलोच नव्हतो," ते म्हणाले. "तोही त्यातलाच दिवस."

मास्तरीणबाईंनी पदर हातातून सोडला.

"पुढच्या खेपेला तेही सांग. बाईंना सगळं लागतं."

"सांगेन," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गोळीसाठी पाणी आणायला उठल्या.