पुढच्या वर्षांचं सोनं

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, सोनं एवढं महागलंय, मग आजोबांच्या खाणीचं काय झालं? तेव्हा नीट सांगता आलं नाही. शेअर ठेवायचे की विकायचे हे तुमचा बाबा आता ठरवणार आहे, त्याआधी लिहून ठेवते.

खाण आजोबांची नव्हती. सोन्याची खाण चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. बाकीचे लोक गुरुपुष्याला गुंजभर सोनं घेत, तुमचे आजोबा शेअर घेत. सोनं वाढलं की ते विकायचे आणि ठाण्यात लिफ्ट असलेली जागा घ्यायची, असं ठरलेलं. डोंबिवलीतलं आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे गेलेले.

सोनं वाढलं. शेजारच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, "काय भाऊजी, पेढे कधी?"

हे कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "आधी वर तर पोचू द्या."

शेअर मात्र उतरत होता. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून कंपनीचा वार्षिक अहवाल मोठ्याने वाचायचं काम माझं. खाणीत आता फार खोल जावं लागत होतं, दगडात सोनं कमी निघत होतं, खर्च वाढला होता. खोलवर जायला कर्ज काढलं होतं आणि ते फेडता यावं म्हणून पुढच्या काही वर्षांचं सोनं आधीच, ठरलेल्या भावाने विकून टाकलं होतं. अध्यक्षांनी याला सावध धोरण म्हटलं होतं.

"म्हणजे बाजारात भाव वाढला तरी यांना जुनाच?" मी विचारलं.

"अगं, मोहोर विकला त्यांनी."

कोकणात यांचे वडील झाडावरचा मोहोर बघूनच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकायचे. मग आंबा कितीही येवो, पैसे ठरले तेवढेच.

"बाबांना मी त्यावरून किती बोललो होतो," हे म्हणाले.

"मग आता काय करायचं?"

"काय करणार? चहा टाक."

ठाण्याच्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. हे खाली उतरेनासे झाले. शेवटी हॉस्पिटलला न्यायला चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागत होती, मी मागून बघत होते. ते परत आले नाहीत.

आगाऊ विकलेलं सोनं कंपनीने आता देऊन संपवलंय. यंदाचा अहवाल मी मनातल्या मनात वाचला. नफा चांगला आहे. शेअर माझ्या नावावर झालेत. मी चौथ्या मजल्यावरच राहते. माझे गुडघे अजून ठीक आहेत.